बांध कोणाचा? खाजण, पक्षी आणि माणसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला पाचवीत भूगोल शिकविला. नकाशा भिंतीवर लावण्यापूर्वी ते खिडकी उघडीत आणि म्हणत, ‘आधी हे बघा.’ खिडकीतून खाजण दिसे. पावसाळ्यात हिरवे, माघात करडे, आणि भरतीच्या वेळी बांधापलीकडे शेतापेक्षा उंच चढलेले नदीचे पाणी. शेत खाली आणि नदी वर, हे दृश्य आम्हांला इतके परिचयाचे होते, की त्यात काही विलक्षण आहे असे कधी वाटलेच नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविले. वनस्पतिशास्त्र अथवा पक्षिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही संयोजकांनी निसर्गसंरक्षणावर बोलावे असे सुचविले तेव्हा मी होकार दिला, तो त्या खिडकीच्या आठवणीने. या विषयात माझेही एक जुने देणे आहे. त्याचा हिशेब पुढे येईलच.

प्रारंभ शब्दापासून करतो. तो आमचा धंदाच आहे. खाजण म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी, बांध घालून मिळविलेली सखल जमीन. उत्तरेस कोकणात तिला खार म्हणतात आणि तिच्या रक्षणासाठी मुंबई प्रांताने १९४८ साली खारजमिनींचा स्वतंत्र कायदा केला होता. आपल्याकडचा शब्द मात्र फार जुना आहे. बांदोडे येथे मिळालेल्या अनिर्जितवर्मा या कोकण-मौर्य राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. तो ताम्रपट साधारणतः सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. दान घेणाऱ्याने त्या जमिनीवरील रान साफ करावे, समुद्राच्या पाण्याला बांध घालावा आणि ती लागवडीस आणावी, असा त्या दानाचा आशय आहे. म्हणजे मराठीतला पहिला ग्रंथ लिहिला जाण्याच्या कित्येक शतके आधी हा शब्द आणि हा उद्योग या भूमीवर नांदत होता. भाषेच्या अभ्यासकाला याचा हेवा वाटला तर नवल नाही.

१५२६ साली आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या रूढी लेखनिविष्ट करणारी सनद, म्हणजे फोराल, तयार केली. राज्यकर्ते नवे होते. त्यांना कर हवा होता आणि करासाठी जमीन कोणाची हे ठाऊक असणे आवश्यक होते. चौकशीत त्यांना आढळले, की ती कोणा एकाची नाही. जुन्या काळी मोजकी माणसे आली, त्यांनी पडीक भूमी लागवडीस आणली आणि त्यांचे वंशज ती सामायिकपणे सांभाळीत आहेत, असा वृत्तान्त त्या सनदेत नोंदविला गेला. हीच गावकरी. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटले आणि पुढे तिच्यासाठी संहितांवर संहिता रचल्या. त्यांतील शेवटची १९६१ सालची, म्हणजे राज्य संपण्याच्या अवघे काही महिने आधीची!

गावकरी टिकून राहण्याचे कारण बांधात होते. डोंगरउतारावरची शेती एकटा कुणबी करू शकतो. खाजण एकट्याने राखता येत नाही. बांधाला एका ठिकाणी खेकड्याने बीळ पाडले, की एका भरतीत साऱ्या गावाचे शेत खारटते आणि ते पूर्ववत होण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा हा बांध गावाने मिळून घालावयाचा, वर्षाकाठी डागडुजी करावयाची, उधाणाच्या रात्री त्यावर राखणदार ठेवावयाचा. बांधात ठरावीक जागी मानस असते. ज्या माजी विद्यार्थ्यांचे वास्तव्य आता मुंबई-पुण्याकडे अथवा परदेशी आहे, त्यांच्या मुलांसाठी सांगतो: मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच तो मिटतो. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून बाहेर जाते. कोणी माणूस लागत नाही, इंधन लागत नाही. आत पाणी किती ठेवावयाचे, हे मात्र माणसानेच ठरवावे लागते.

त्या ठरविण्यात सारे शहाणपण होते. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर कोरगूट भात. हे वाण थोडा खारटपणा सोसते. उत्पन्न बेताचे, पण पेज अशी की जिने खाल्ली ती पिढी दुसऱ्या तांदळाला नावे ठेवते. पीक निघाल्यावर उन्हाळ्यात काही भागात खारे पाणी घ्यावयाचे, कोठे मीठ पिकवावयाचे, आणि मानशीच्या तोंडाशी रात्री जाळे लावून सुंगटे, शेवटे, काळुंदर, चोणक धरावयाचे. मानशीवरच्या मासेमारीची पावणी होई आणि त्या पैशातून बांधाचा खर्च निघे. एकाच भूमीवर भात, मीठ आणि मासळी. आणि भात कापल्यानंतरच्या उथळ पाण्यात हिवाळी पाहुणे म्हणून येणारी तुतारीसारखी पाणपाखरे, बगळे, खंड्या. या पाखरांसाठी कोणी काही केले नव्हते. शेतासाठी जे केले, ते त्यांना मानवले. करमळीचे तळे हे त्याचेच दुसरे उदाहरण. आज पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन तेथे जमतात. परंतु ते तळे शेतीच्या पाण्यासाठी माणसांनी बांधलेले आहे.

आणि मगर. कुंभारजुव्याच्या खाऱ्या कालव्यात गोड्या पाण्याची मगर राहते, ही प्राणिशास्त्रज्ञांना कुतूहलाची बाब आहे. फोंडा तालुक्यात बोरी-दुर्भाटकडील खाजणांत पौष अमावास्येला ‘मांगे थापणी’ होते. शेतकरी चिखलाची मगर घडवितात, शिंपल्यांनी सजवितात, फुले वाहतात. बांधाची आणि शेताची राखण ती करते अशी भावना आहे. या विधीला अडाणीपणा म्हणण्याची घाई मी तरुणपणी केली होती. आज मला त्यात एक व्यवहारी निरीक्षण दिसते: जेथे बांध नीट आहे, मासळी आहे, पाणी खेळते आहे, तेथेच मगर टिकते.

श्रोतेहो, येथवर ऐकून गतकाळाचे सोनेरी चित्र रंगविले जात आहे असे कोणास वाटेल. म्हणून तातडीने सांगतो, की गावकरी ही काही समतेची पाठशाळा नव्हती. लाभांशाचा, म्हणजे ज़ोणाचा, अधिकार गावकरांच्या पुरुषवंशाला. बांधावर चिखल वाहणाऱ्या बाईला नाही, कुळाला नाही, मुंडकाराला तर स्वतःच्या झोपडीखालच्या जमिनीचाही नाही. कोमुनिदादींची शेते पुढे पावणीत श्रीमंतांनी घ्यावी आणि इतरांकडून कसवावी असेही झाले. मी ज्या घरात जन्मलो ते गावकराचे घर होते. आमच्या खळ्यावर कुळे कशी उभी राहत, हे मी पाहिले आहे. बसत नसत, उभी राहत.

म्हणूनच मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानले, तेव्हा मला अपार आनंद झाला. मी नुकताच अध्यापक झालो होतो. तालुक्यात त्या कायद्याच्या समर्थनार्थ सभा झाली, तीत मीही बोललो. टाळ्या पडल्या. घरी आलो तेव्हा माझे थोरले काका ओसरीवर बसले होते. गावकरीचे लेखनिक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. ते मला रागावतील असे वाटले होते, रागावले नाहीत. कोकणीत म्हणाले (मी मराठीत सांगतो), ‘शेत कुळाचे झाले, ते बरेच झाले, बाबा. त्याने कसले, त्याला मिळाले. पण एक सांग, बांध कोणाचा?’

मी उत्तर दिले, की बांध आता कुळांचाच. कायद्याचा अक्षरशः विचार केला तर माझे उत्तर चूक नव्हते. १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले होते. बांध आणि मानस यांची देखभाल कूळ संघांनी करावयाची, मानशीच्या पावणीचे पैसे त्यात लावावयाचे, अशी व्यवस्था कागदावर होती. काकांनी मान हलविली आणि विषय बदलला.

पुढे काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या गावी पाहिले आहे. कुळांची मुले शाळेत गेली (ती जावीत यासाठीच तर आम्ही शिकवीत होतो), मग नोकरीला, आखाताला, बोटीवर गेली. शेतात एकदा भात घेणे परवडेना. मासळीचा, विशेषतः सुंगटांचा भाव मात्र चढत गेला. मानशीची पावणी घेणाऱ्याला आत खारे पाणी जास्त हवे; शेत कसणाऱ्याला ते नको. जोवर दोन्ही हित एका घरात होते तोवर तडजोड होई. आता ज्याच्या हाती मानस, त्याचे पाणी. त्यात खनिजाच्या बार्जींनी मांडवी-जुवारीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात लाटांचे तडाखे देऊन बांध पोखरले, ते वेगळेच.

आमच्या गावचा बांध एका पावसाळ्याच्या अखेरीस, उधाणाच्या रात्री फुटला. त्याआधी दोन वर्षे तो खचत असल्याचे अर्ज एका कार्यालयात पडून होते आणि संघाच्या बैठकीस गणपूर्ती होत नव्हती. दोष कोणा एकाचा नव्हता. मी स्वतः त्या काळात शहरात पेपर तपासत होतो. फुटलेल्या ठिकाणी पूर्वी चाळीस माणसांचे दोन दिवसांचे काम झाले असते. चाळीस माणसे मिळाली नाहीत.

आता या कथेला जे वळण मिळते, ते मला आजच्या विषयाचे खरे मर्म वाटते. खारटलेल्या त्या शेतात चार-पाच वर्षांत तिवर आणि कांदळ उगवले. दहा वर्षांत दाट वन झाले. बगळ्यांनी तेथे वस्ती केली, चिखलात कुर्ल्या वाढल्या. बाहेरून आलेला एक निसर्गप्रेमी ते पाहून हरखून गेला आणि मला म्हणाला, की किती सुंदर निसर्ग आपण राखला आहे! मी काय बोलणार? ते वन म्हणजे आमच्या गैरहजेरीचे पीक होते. पण ते वन होते, हेही खरे. त्यात जीव नांदत होते. मासळीची पिल्ले कांदळाच्या मुळांत वाढतात, किनाऱ्याची धूप त्याने थांबते, हे सर्व मला मान्य आहे. बांध पुन्हा घालून शेत करू म्हणणाऱ्या दोन वृद्ध शेतकऱ्यांना मात्र आता ती झाडे तोडता येत नाहीत, कारण कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजणांलगतची कांदळवने राखावीत, खाजणांसाठी व्यवस्थापन आराखडा करावा, खाजणात विकासकामे होऊ देऊ नयेत. हेतू उत्तमच आहे. परंतु कांदळ जेव्हा खाजणाच्या शेजारी न राहता खाजणातच येऊन बसते, तेव्हा दोघांपैकी कोणाला राखावे?

मांडवीच्या पलीकडे चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य १९८८ साली झाले. अवघे १७८ हेक्टर. रायबंदरहून फेरीने गेले की उतरल्यावर लगेच लागते. कांदळवन म्हणून ते राखले गेले, हे चांगलेच झाले. पण पक्ष्याला सीमा समजत नाही. ओहोटीला चिखलावर टिपणारे पाखरू भरतीच्या वेळी शेजारच्या शेताकडे वळते आणि ते शेत अभयारण्याच्या कक्षेत नाही. गोव्यात खाजण जमीन सुमारे १८,००० हेक्टर सांगितली जाते. तिच्यापुढे १७८ हेक्टर म्हणजे थाळीतले लोणचे. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव कायद्याची घडणच अशी, की त्यात जंगल आहे, प्राणी आहे, शिकारी आहे आणि अधिकारी आहे. बांध घालणारा माणूस त्यात कोठे बसवावा, हे तो कायदा लिहिणाऱ्यांपुढे नव्हते.

अन्य देशांत हा पेच कसा हाताळला गेला, हे मी वाचून पाहिले. फ्रान्समध्ये १९६० साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. पर्वतशिखरांसारख्या निर्जन प्रदेशाला तो शोभला. पण जेथे हजार वर्षे माणसे शेती करीत आली तेथे काय करावे? १९६६ साली लुर्स या गावी त्यावर विचारविनिमय झाला आणि १ मार्च १९६७ च्या हुकुमाने प्रादेशिक निसर्गोद्यान ही नवी कल्पना अवतरली. तिचे मर्म असे, की जमीन सरकारजमा होत नाही, गावे उठत नाहीत. गावे, प्रांत आणि शासन मिळून एक सनद करतात; तीत शेत कसे, पाणी कसे, घरे कोठे, पाखरे कोठे, याचा करार असतो. सनदेला मुदत असते, सध्या पंधरा वर्षांची. मुदतीनंतर तिचा हिशेब होतो. अशी पन्नासांहून अधिक उद्याने आज तेथे आहेत.

त्यांतील एक, मारे प्वातवँ, मला आपल्या घरचे वाटले. पश्चिम किनाऱ्याजवळचा हा दलदलीचा प्रदेश. तेराव्या शतकात, १२१७ साली, पाच मठांच्या साधूंनी मिळून तेथे पाणी काढून देणारा कालवा खणला. त्याला आजही पाच मठाधिपतींचा कालवा म्हणतात. बांध, कालवे, पाण्याचे दरवाजे आणि ते सांभाळणारी शेतकऱ्यांची मंडळे. आमचे गावकर तेथे गेले असते तर त्यांना दुभाषी लागला नसता! १९७९ साली ते प्रादेशिक उद्यान झाले. परंतु ओल्या कुरणांवर गुरे चारण्यापेक्षा कुरण नांगरून मका लावणे फायद्याचे ठरू लागले, कुरणे आटली, पाखरे उणावली, आणि १९९० च्या दशकात त्या प्रदेशाकडून उद्यानाचा दर्जा काढून घेण्यात आला. तो परत मिळविण्यास २०१४ साल उजाडले. दर्जा काढून घेता येतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. आपल्याकडे एकदा फलक लागला, की त्याखाली काय उरले आहे हे पाहण्याची चाल नाही.

रोन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा दुसरा प्रदेश आहे. तेथेही मीठ, भात आणि पाखरे एकत्र नांदतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील भातशेती उभी करण्यास इंडोचीनमधून आणलेल्या मजुरांचे हात लागले. १९७० साली तो प्रादेशिक उद्यान झाला आणि त्याच सुमारास रोहित पक्ष्यांना अंडी घालता यावीत म्हणून एका तळ्यात माणसांनी मातीचे बेट उभारले. पुढे ते पक्षी तेथे वसले. पाखराला घर बांधून देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, की ते कृत्रिम म्हणून कोणी नाक मुरडले नाही.

मानवी श्रमांनी घडलेल्या अशा भूमीला जागतिक वारसा समितीने १९९२ साली ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही स्वतंत्र श्रेणी दिली. आपल्याकडे याच्या जवळपास जाणारी एक घटना २०२२ साली घडली. कुडचड्याचे नंदा तळे रामसर यादीत आले. बेचाळीस हेक्टरांचे हे पाणथळ वर्षाचा काही काळ पाण्याखाली असते आणि साठविलेले पाणी सोडून खालच्या अंगाला भात घेतले जाते. तेथे दरवाजा केव्हा उघडावयाचा, हे ठाऊक असणारी माणसे आहेत तोवर ते तळे आहे.

फ्रान्सची सनद उचलून येथे लावावी, असे मी सुचवीत नाही. आमच्याकडे सनद होती. ती १५२६ साली लिहिली गेली आणि त्याआधी कित्येक शतके तोंडी चालत होती. तिच्यातला अन्याय काढावा म्हणून आम्ही झटलो, आणि तसे झटणे योग्यच होते. पुन्हा सभा झाली तर मी पुन्हा बोलेन. फक्त त्या वेळी बांधाचे उत्तर घेऊन उभा राहीन. कुळाला मालकी आणि बांधाला वाली, ही दोन कामे होती. आम्ही पहिले केले आणि दुसरे त्यातच आले असे समजलो. आज कोणी आमच्या खाडीकाठासाठी नवा करार लिहावयास बसले, तर त्यात कुळांची नातवंडे हवीत, मानशीवर मासे धरणारा हवा, चिखल वाहणारी बाई हवी, आणि कांदळातल्या बगळ्यांच्या वतीने बोलणारा तो निसर्गप्रेमीही हवा. कोठले फुटके खाजण आता कांदळालाच द्यावयाचे आणि कोठले परत मिळवावयाचे, हे गावागणिक निराळे ठरेल. माझ्या गावचे, मला वाटते, आता कांदळाचे झाले. हे म्हणताना मला सुख होत नाही. पलीकडच्या वाड्याचे अजून परत घेता येईल. तेथला बांध खचला आहे, फुटलेला नाही.

शेवटी एक छोटे काम उरले आहे. काका गेल्यावर त्यांच्या पेटीत मला एक वही सापडली. गावकरीचे अधिकृत दप्तर पोर्तुगीजमध्ये असे. ही त्यांची खासगी वही मराठीत आहे. बांधाच्या खर्चाची. कोणत्या तिथीला किती माणसे लावली, पेंढ्या किती, जांभा कोठून आणला, मानशीचे लाकूड कोणत्या झाडाचे, रात्रीच्या राखणदाराला काय दिले, असा तपशील. त्यात बांधाच्या अंगोपांगांची, पाण्याच्या चढ-उताराची, चिखलाच्या प्रकारांची कितीतरी नावे आहेत. मी जे कोश हाताळले त्यांत ती नाहीत आणि आठ-दहांचा अर्थ मला आज सांगता येणार नाही. तो सांगू शकतील अशी गावात आता तीन माणसे उरली आहेत. तिघेही ऐंशीच्या पुढचे, आणि तिघेही पूर्वीची कुळे. १९७६ च्या पावसाळ्यानंतर वहीत नोंद नाही. उरलेली पाने कोरी आहेत. ती वही आज मी विद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवीत आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी पुढल्या आठवड्यात पाच-सहा मुलांना माझ्याबरोबर द्यावे; त्या तिघांपैकी एकाने बुधवारी, ओहोटीच्या वेळी, बांधावर येण्याचे कबूल केले आहे.